आक्काच्या पट्टीतली पाथरी

बांधावरूनच दिसलं. रब्बीच्या ज्वारीचा शाळू कमरेएवढा झालेला, हिरवागार, आणि त्याच्या बुडाशी सगळी जमीन पिवळी पडलेली. उन्हानं वाळलेलं गवत असं पिवळं पडत नाही. हा पिवळा रंग तण मारायच्या औषधाचा. गेल्या काही वर्षांत एसटीच्या खिडकीतून इतक्या रानांत पाहिलाय की लांबूनही ओळखू येतो. मी चपला बांधावर काढल्या, पिशवी तिथंच टाकली आणि खाली उतरले.

पाथरी मेली होती. एरवी ती जमिनीला अशी चिकटून पसरते की वरून बैलगाडी गेली तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तशीच. आता तिची पानं वर उचलली गेली होती, पिळून टाकलेल्या फडक्यासारखी वाकडीतिकडी, कडा आत वळलेल्या, देठ फुगून जाड झालेले. मी एक पान तोडलं. पाथरीचं पान तोडलं की तुटल्या जागी लगेच दुधाचा थेंब येतो. मी वाट बघितली. आला नाही. वास तेवढा आला, औषधाचा, नाकातून थेट घशात उतरणारा. दुसरं तोडलं, तिसरं तोडलं. सगळी पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरले. ओढ्याच्या अंगाला, करंजाच्या सावलीत, जिथं ती सगळ्यात कोवळी यायची, तिथंही तेच.

मला राग आला की माझे कान तापतात. सगळी नोकरी साताऱ्याच्या शाळेत शिकवण्यात गेली. बाईंचे कान लाल झाले की गप्प बसायचं, हे नव्या पोरींना पहिल्या आठवड्यातच कळायचं. त्या दिवशी त्या रानात मला गप्प करायला कुणी नव्हतं. मी मोठ्यानं बोलले. काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

ही पट्टी माझ्या थोरल्या बहिणीची, आक्काची. आमचं गाव पलूस तालुक्यात, आणि आक्का गावातच दिलेली, आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. आप्पांनी, आमच्या वडिलांनी, जाण्याआधी ही वीस गुंठ्यांची काळी जमीन तिच्या नावावर केली. चारी बाजूंनी ऊस आला. शेजारचे लावत गेले, आमच्या भाऊबंदांनी लावला, मारुतीच्या देवळाच्या मागं शेळ्या बसायच्या तिथंसुद्धा लावला. आक्कानं लावला नाही. ती दरसाल शाळू करायची, आणि शाळूत पाथरी यायची. मला माहीत असलेल्या सगळ्या शिवारांत पाथरी राहिलेली ही एवढीच जागा होती. मार्गशीर्ष लागला की मी साताऱ्याहून निघायची, कराडला एसटी बदलायची, पुढं वडापच्या जीपमधून कोंबून घेऊन गावात उतरायची आणि घरी जायच्या आधी या रानात यायची. पिशवीभर पाथरी घेऊन दुसऱ्या दिवशी परत. नोकरीत होते तेव्हा रजा टाकून यायची. हा नेम मी एकदाही चुकवला नव्हता, आणि आता मला यायला जागाच उरली नव्हती.

कुणी केलं हे विचारायची गरज वाटली नाही. सुरेश, आक्काचा मुलगा. दोन वर्षं तो मागं लागला होता की भांगलायला, तण खुरपायला, बायका मिळत नाहीत, औषध मारू. दोन्ही वर्षी मी त्याला झापला होता. आक्का तेव्हा काही बोलली नव्हती. ती गप्प आहे म्हणजे माझ्या बाजूनं आहे, असं मी धरून चालले होते.

पाथरी म्हणजे काय हे आता समजावून सांगावं लागतं, आणि मला त्याचाही राग येतो. शेवंती, झेंडू, सूर्यफूल, करडई या मोठ्या खानदानातली ती. पण तिला कुणी पेरत नाही, पाणी देत नाही, देवाला वाहत नाही. शाळूच्या, हरभऱ्याच्या रानात ही रानभाजी आपली आपण येते. लांबट पानं, कातरलेल्या कडांची, जमिनीवर गोल पसरलेली. मधून बारीक दांडा वर येतो आणि त्यावर पिवळंधमक फूल. ते सकाळी उमलतं आणि दुपारच्या आत मिटतं. मला हे कळायला मोठं व्हावं लागलं, कारण लहानपणी मी रानात पोचायची तोवर सगळी फुलं मिटलेली असायची. मग त्याची म्हातारी होते, पांढऱ्या कापसाची, आणि वाऱ्यावर निघून जाते.

एकदा शाळेची सहल घेऊन कोकणात उतरले होते. पोरी लाटांकडं धावल्या आणि मी वाळूत थबकले. पाथरीच होती. तीच पानं, तेच पिवळं फूल, फक्त ही वाळूवरून दोऱ्या सोडत पुढं पुढं गेलेली आणि जागोजागी मुळं धरलेली. आमच्याबरोबरच्या शास्त्राच्या बाई म्हणाल्या की ही समुद्राकाठची, तुमच्याकडची वेगळी, पण दोघी सख्ख्याच. मी एक पान धुऊन तोंडात टाकलं. कडू लागलं आणि वर खारट. त्या खारट पानानं मला भर समुद्रावर घरची अशी आठवण आली की पोरींच्या देखत डोळे पुसावे लागले. त्या किनाऱ्यावरही आता सिमेंटची वाट केलीय म्हणतात, पाहुण्यांच्या पायाला वाळू लागू नये म्हणून. लागली असती थोडी वाळू तर काय झालं असतं कुणाला.

लहानपणी शनिवारी आमची शाळा सकाळची असायची. सुटली की मी धावत घरी. आई जेवणाची बुट्टी माझ्या डोक्यावर द्यायची, वर फडकं घट्ट बांधलेलं, आणि आतून गरम भाकरीचा वास. मी पांदीनं, रानाकडच्या अरुंद वाटेनं, निघायची. पायाखाली फुफाटा, दोन्ही अंगाला घाणेरीची झुडपं. पांद संपली की एकदम मोकळं रान यायचं आणि हरभऱ्याची आंबट हवा नाकात शिरायची. हरभऱ्यातून चाललं की पोटऱ्यांना आंब लागायची आणि बारीक चुरचुरायची. पुढं शाळूची सळसळ. आणि त्या सळसळीतून भांगलणाऱ्या बायकांचे आवाज. त्या गायच्या. आधी सूर यायचा, मग लुगड्यांचे रंग दिसायचे.

बायका ओळीनं बसलेल्या असायच्या, एकेकीनं एकेक पात, पिकाची ओळ, धरलेली, उकिडव्याच सरकत पुढं जाणाऱ्या. खुरपं मातीत शिरताना बारीक खस्स आवाज येतो, आणि दहा-बारा खुरप्यांचा तो एकदम आला की पोटात काहीतरी शांत होतं. माझी आक्का त्यात सगळ्यात लहान. चौथीनंतर तिची शाळा बंद केली आणि तिच्या हातात खुरपं आलं, आमच्या रानात आणि दुसऱ्यांच्या रानातही. तिची पात नेहमी बांधाकडची. तिकडं हरळी, लव्हाळा, सगळं चिवट तण, म्हणून बांधाकडची पात कुणी घ्यायला मागत नसे. पण पाथरीही तिकडंच जास्त. आक्काला पाथरीचा सोस, म्हणून ती मुद्दाम ती पात मागून घेते, असं मी समजत होते.

भांगलणीत पाथरीची एक रीत होती. बाकीचं तण मुळासकट उपटून बांधावर फेकायचं. पाथरीला तसं करायचं नाही. तिचा झुपका डाव्या हातानं गोळा करायचा आणि खुरप्याच्या टोकानं गड्ड्याच्या जरा वर कापायचा. मूळ जमिनीत राहिलं पाहिजे, आठ-दहा दिवसांत पुन्हा पानं येतात. कापलेला झुपका ओच्यात टाकायचा. एखादी नवी सून चुकून मुळासकट उपटायची, तेव्हा ओळीतली सगळ्यात वयस्क बाई काम थांबवायची. मग त्या सुनेनं सगळ्यांसमोर हातानं खड्डा करून ते मूळ परत लावायचं, माती दाबायची, ओढ्याचं पाणी ओंजळीतून आणून घालायचं. उपटलेली पाथरी काही पुन्हा धरत नाही, हे सगळ्यांना माहीत असायचं. तरी लावायला लावायच्या. पुढं जन्मात ती सून पाथरी उपटायची नाही. आणि गावात कुणी बाळंतीण असली की त्या दिवशीचे पहिले झुपके तिच्याकडं जायचे, दूध उतरावं म्हणून. कुणाच्या पातीतले गेले हे कुणी विचारत नसे.

मी पोचले की जेवणाची सुट्टी. करंजाखाली सगळ्यांचे ओचे एका फडक्यावर मोकळे व्हायचे. पाथरी ओढ्यात दोनदा बुचकळायची आणि झटकायची, थेंब आमच्या तोंडावर उडायचे. भाकरी, हिरव्या मिरचीचा खर्डा, त्यावर कच्चं शेंगतेल, बुक्कीनं फोडलेला कांदा, आणि वर ही मूठभर पाथरी, कच्चीच. पहिला घास कडू. दुसऱ्या घासाला खर्ड्याची आग. तिसऱ्याला दोन्ही मिळून काहीतरी असं व्हायचं की मान वर करायला फुरसत नसे. वरून ओढ्याचं पाणी प्यायलं की ते गोड लागायचं. पाथरीच्या चिकानं बोटं काळी पडायची आणि ती दोन दिवस निघत नसत. आक्का माझ्या भाकरीवर आधी मधली कोवळी पानं ठेवायची, मग बाहेरची. माझं खाणं चालू असताना ती करंजाखाली आडवी व्हायची, पाठ जमिनीला टेकवून, पदर तोंडावर घेऊन. तिच्या पदराला शाळूच्या पानांचा आणि घामाचा वास यायचा. त्या वासात मला झोप यायची.

हे सगळं मी गेल्या पावसाळ्यात साताऱ्यात सांगितलं होतं. रानभाज्यांचा महोत्सव होता. मोठा मंडप, कमानीवर तणनाशक विकणाऱ्या एका दुकानदाराची जाहिरात, आणि आत मेजांवर रानभाज्यांचे नमुने. पाथरी एका थर्माकोलच्या ताटलीत होती. सहा पानं, सुकलेली, शेजारी लॅटिन नावाची चिठ्ठी. पलीकडं एक बाई पाथरीचा चीज पराठा करून विकत होती. कान तिथंच तापले. ज्यांनी ती मारली त्यांनीच तिची पूजा मांडली होती, आणि आम्ही रांग लावून प्रसाद खात होतो. संयोजकांनी मला, निवृत्त शिक्षिका म्हणून, दोन शब्द बोलायला बोलावलं. मी दहा मिनिटं बोलले. हरभऱ्याची आंब सांगितली, ओळीनं बसलेल्या बायका सांगितल्या, त्यांची गाणी सांगितली, कशी गात गात भांगलण व्हायची ते सांगितलं. कमानीवरची जाहिरातही सोडली नाही. टाळ्या थांबेनात. कुणीतरी ते मोबाईलवर घेतलं आणि ते नातेवाइकांत सगळीकडं फिरलं. सुरेशनंसुद्धा अंगठा पाठवला होता. त्या अंगठ्याचा मला आता, मेलेल्या पाथरीत उभी राहून, भयंकर संताप आला.

तशीच गावात गेले. पायाची माती न धुता. सुरेश अंगणात म्हशीला वैरण टाकत होता. मला बघून हसला. मी त्याला बसूही दिलं नाही. आक्का घरात नाही हे बघितलं आणि अजूनच पेटले. तो म्हणाला की आई त्याच्या बायकोबरोबर तासगावच्या डॉक्टरकडं गेलीय, येईलच इतक्यात. मला वाटलं, बरोबर आहे, आई नसताना उरकून घेतलं असणार. शेजारची दोन माणसं ओट्यावर येऊन उभी राहिली तरी मी थांबले नाही. आजोबांनी जपलेली जमीन, आईनं जपलेलं रान, याला दोन तासांचं काम जड झालं, पंप पाठीला लावला की झालं, हे सगळं मी त्याला पन्नाशीच्या माणसाला ऐकवलं. शेवटी म्हणाले,

"सुरेश, आईच्या तोंडातलं काढून घेताना तुझा हात कसा उचलला?"

तो वैरणीची पेंढी हातात धरून तसाच उभा होता. एवढंच म्हणाला, "मावशी, पाय धुवा. च्या टाकतो." त्याच्या त्या गप्प राहण्यानं मला वाटलं की चोराला तोंडच नसतं. मी च्या नको म्हणून सांगितलं.

मग दारात वडापची जीप थांबली. आक्का मागं बसली होती. तिला उतरायला पाच मिनिटं लागली. आधी काठी खाली आली, मग एक पाय, मग सुनेच्या खांद्यावर हात टाकून दुसरा. गुडघ्यांना पट्टे बांधलेले. गेल्या मार्गशीर्षात काठी नव्हती. किंवा असेल, मी रानातूनच पिशवी भरून आले आणि सकाळच्या गाडीनं निघून गेले, माझ्या लक्षात आलं नसेल. ती अंगणात आली, जमिनीवर न बसता खुर्चीवर बसली. आक्काला मी खुर्चीवर बसलेली कधी पाहिली नव्हती. तिनं एकदा माझ्या पायांच्या मातीकडं बघितलं, एकदा सुरेशच्या तोंडाकडं, आणि तिला सगळं कळलं.

"त्याला कशापायी बोलतीस," ती म्हणाली. "औषध म्या मारलंय."

मी खोटं म्हणाले. पोराला पाठीशी घालतेस म्हणाले.

"अर्धा अर्धा पंप भरून तीन दीस मारलं. हुबं ऱ्हाऊन मारता येतंय. बसून भांगलता येत न्हाई आता."

मी विचारलं की मग मला का नाही कळवलंस, दोन बायका लावून दिल्या असत्या. त्यावर सुरेश पहिल्यांदा बोलला. बायका येतात त्या पाथरी राखत नाहीत, सगळं सपाट करून जातात. म्हणून गेली चार-पाच वर्षं बायका लावून झालं की आई बांधाकडचं रान स्वतः करायची, पाथरी सोडून. उकिडवं बसता येईना तेव्हा बसल्या बसल्या सरकत करायची. आणि यंदा दिवाळीच्या पुढच्या आठवड्यात ती दुपारी रानात बसली ती तिला उठताच येईना. आजूबाजूला उंच ऊस, हाक कुणाला जाईना. सुरेश संध्याकाळी म्हशी घेऊन आला तेव्हा ती शाळूत एका अंगावर पडलेली, तोंडाला माती. त्यानं तिला पाठुंगळीला घेऊन घरी आणलं. दुसऱ्या आठवड्यात तिनं पंप मागितला. तो मारतो म्हणाला तर तिनं मारू दिलं नाही. पाथरी मी राखली, मीच मारीन म्हणाली. मावशीला सांगू नको, असंही तिनंच बजावलं होतं.

मी उभीच होते. माझ्या कानांतला जाळ कुठं जायला जागा शोधत होता. मी पुन्हा सुरेशकडं वळणार होते, तुला कसं दिसलं नाही, चार वर्षं आई सरकत भांगलते हे दिसलं नाही, असं काहीतरी. पण तेच मला कुणी विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं, असं त्याच क्षणी मनात आलं, आणि मी वळले नाही.

आक्का म्हणाली, "तुझं भाषन दावलं मला सुरेशनं. लय चांगलं बोललीस." मग काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "बाया गात हुत्या म्हणालीस. कोन गात हुतं गं?"

मी म्हणाले, तुम्हीच. मला पांदीतून ऐकू यायचं.

"ती पारूकाकू. तिचं पोर हिरीत पडून गेलं हुतं. घरात रडाय मिळायचं न्हाई तिला, म्हणून रानात रडायची. भांगलत भांगलत, सुरात. आमी गप बसून ऐकायचो. तू लांबनं येत हुतीस, तुला गानं वाटलं आसंल."

सुनेनं पाण्याचा तांब्या आणला होता, तो कुणी घेतला नाही. मला त्या मंडपातल्या टाळ्या आठवल्या. माझ्या तोंडून आलेलं पारूकाकूचं रडं ऐकून वाजलेल्या. मला तिथल्या तिथं सगळ्यांना खाली बसवून पुन्हा बोलावंसं वाटलं, आणि त्याच वेळी आक्काचा राग आला, खरा, चरचरीत राग. इतकी वर्षं गप्प का बसलीस. एका तरी मार्गशीर्षात म्हणायचं होतंस की बाई, तू पिशवी भरतेस ती पाथरी मी सरकत सरकत राखते. मी असं काय मोठं तोंड केलं असतं. ती मला ओळखत नाही का. हे सगळं मी तिला बोलले, आवाज चढवून बोलले, शेजारी अजून ओट्यावर होते. तिनं ऐकून घेतलं. ऐकून घेण्याची तिला सवयच होती, आणि तिच्या त्या सवयीचासुद्धा मला राग आला.

"तुला सांगून काय झालं आसतं," ती म्हणाली. "तू आली नसतीस."

मी येईन म्हणाले, आलेच असते म्हणाले. पण बोलताना मला गेल्या कितीतरी वर्षांतला एकही असा दिवस आठवेना की मी या घरी पाथरीशिवाय आले. दाजी गेले तेव्हा आले होते. सुरेशच्या लग्नाला. बाकी सगळं मार्गशीर्षात, एक दुपार आणि एक सकाळ, आणि त्यातलीही दुपार रानात. आक्काजवळ बसून मी काय बोलायची? पाथरी यंदा कशी आलीय, कोवळी आहे का जून, बी धरलं का नाही.

मी तिच्या खुर्चीजवळ जमिनीवर बसले. म्हणाले, निदान तुझ्यापुरती तरी चार झुडपं ठेवायची होतीस, परड्यात लावली असतीस कुंडीत, तुझ्या भाकरीबरोबर खायला.

"मला न्हाई आवडत पाथरी," आक्का म्हणाली. "कडू लागती. लहानपनापासनं न्हाई आवडत."

करंजाखालची प्रत्येक दुपार माझ्या डोळ्यांपुढं आली, आणि मी तिच्या भाकरीवर काय होतं ते शोधायला लागले. खर्डा होता. कांदा होता. कधी कधी नुसतंच मीठ आणि तेल. पाथरी नव्हती. एकाही शनिवारी नव्हती. बांधाकडची पात, हरळीत रक्ताळलेली तिची बोटं, ओच्यातले कोवळे झुपके, सगळं माझ्या ताटात आलं होतं, आणि मी मोठी होऊन त्याचं भाषण केलं होतं.

"मग तुला काय आवडतं?" मी विचारलं. माझा आवाज अजून रागातच होता, तो उतरायला तयार नव्हता.

आक्कानं काठीच्या मुठीवर हनुवटी टेकवली. सुरेश तिच्याकडं बघू लागला. सून तांब्या घेऊन तशीच थांबली, कारण तिलाही ते माहीत नव्हतं. आक्का खरोखरच विचार करत होती. कपाळाला आठी घालून, ओठ हलवत, एखादं जुनं नाव मनात लावून बघावं तशी. म्हैस दोनदा हंबरली.

"कवा कुनी इचारलं न्हाई," ती म्हणाली. "आठवाय पायजे."